अतिदक्षता विभागातील संसर्ग : प्रश्न स्वच्छतेचा की मनुष्यबळाचा?

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



या दोन तालुक्यांत माणूस व्हेंटिलेटरवर का जातो, या प्रश्नापासून विषयाला सुरुवात करणे इष्ट होईल. मोठ्या शहरांतील अतिदक्षता विभागांत वार्धक्याने जर्जर झालेले, हृदयविकाराने वा कर्करोगाने थकलेले रुग्ण पुष्कळ असतात. नारायणगाव, मंचर, आळेफाटा येथेही ते असतातच. परंतु त्यांच्या शेजारच्या खाटेवर अनेकदा असा माणूस असतो, की जो आदल्या दिवशीपर्यंत शेतात राबत होता. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या मजुराला मध्यरात्री मण्यार चावते. दंशाची खूण धड दिसतही नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, आणि दिवस वर येईतो श्वासाचे स्नायू काम सोडून देतात. कोणी कर्जापायी किंवा घरच्या भांडणापायी कीटकनाशक पिऊन आलेला असतो. कोणी पुणे-नाशिक महामार्गावर दुचाकीवरून फेकला गेलेला असतो. ही माणसे बहुधा विशी-तिशीतली, घरातील मिळवती, आणि त्यांची फुप्फुसे चांगली धडधाकट असतात.

अशा रुग्णाला व्हेंटिलेटर म्हणजे काही दिवसांचा उसना श्वास. मण्यारीच्या विषाने बधिर झालेले स्नायू प्रतिविष दिल्यावरही लगेच चालू होत नाहीत. शरीराला ती दुरुस्ती करायला दिवस लागतात. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशक पोटात गेले असेल तर कधी कधी आठवडे लागतात. तेवढा काळ यंत्राने श्वास सांभाळला, तर माणूस चालत घरी जाऊ शकतो. तसे अनेक गेले आहेत, आणि या भागातील डॉक्टरांनी सर्पदंशाच्या उपचारात मिळवलेले यश मान्य न करणे हा कृतघ्नपणा होईल. परंतु विष उतरू लागते, बोटे हलू लागतात, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी ताप चढतो. श्वासनळीतून पिवळा चिकट स्राव येतो. छातीच्या क्ष-किरण चित्रात नवा पांढरा डाग दिसतो. दाराबाहेर बसलेल्या बापाला सांगितले जाते, “पेशंटला इन्फेक्शन झाले आहे.”

या वाक्याची घडण ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यात कर्ता नाही. पाऊस झाला, अंधार झाला, तसे इन्फेक्शन झाले. तो बाप त्याचा अर्थ आपल्या परीने लावतो, की विषच अंगात भिनले असेल, किंवा आणायला उशीर झाला असेल. जो जंतू मुलाच्या फुप्फुसात उतरला, तो घरून आलेला नाही, बांधावरून आलेला नाही, तो बहुधा या खोलीतच त्याच्यापर्यंत पोहोचला, ही गोष्ट त्याला कोणी सांगत नाही. दाखल झाल्यानंतर ४८ तासांनी वा त्याहून उशिरा जो संसर्ग प्रकटतो आणि दाखल होताना जो शरीरात नव्हता, त्याला वैद्यकशास्त्र रुग्णालयजन्य संसर्ग म्हणते. शास्त्राला कर्ता माहीत आहे. मराठी वाक्यातून मात्र तो गळतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी संपन्न देशांत ७ जणांना, तर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना तेथे असतानाच किमान एक नवा संसर्ग होतो. संसर्ग झालेल्या दहांपैकी एक त्यात दगावतो. अतिदक्षता विभागात हे प्रमाण कितीतरी चढे असते. त्याच अहवालाचे दुसरे म्हणणे असे, की हात स्वच्छ ठेवण्यासारखे साधे उपाय नेटाने केले तर यांतील सुमारे ७० टक्के संसर्ग टळू शकतात. उरलेले टळणार नाहीत हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कारण पुष्कळदा जंतू रुग्णाच्या स्वतःच्या तोंडातले वा आतड्यातले असतात, आणि उत्तमोत्तम रुग्णालयातही काहींना हे दुखणे गाठतेच. प्रत्येक संसर्ग म्हणजे कोणाचा तरी गुन्हा, अशी ओरड केल्याने एकच होईल : डॉक्टर आकडे अधिकच लपवतील.

आता हा जंतू शरीरात शिरतो तरी कसा? निसर्गाने माणसाच्या शरीराला जी दारे दिली आणि त्यांवर जे पहारे बसवले, ते पहारे अतिदक्षता विभागात उपचारासाठीच उठवावे लागतात. श्वासनळीत नळी घातली की खोकला बंद होतो, स्वरयंत्राचे झाकण उघडेच राहते, आणि तोंडातली लाळ नळीच्या फुग्यावर साचून त्याच्या कडेने थेंबाथेंबाने खाली झिरपते. रुग्ण सपाट निजलेला असेल तर जठरातले द्रवही वर येते. म्हणून खाटेचे डोके ३० ते ४५ अंश उचललेले ठेवावे, तोंड दिवसातून अनेक वेळा साफ करावे, रोज गुंगी उतरवून रुग्ण स्वतः श्वास घेतो का हे पाहावे. मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेली नळी म्हणजे त्वचेला ओलांडून थेट रक्तात उतरणारी वाट; तिच्या तोंडाला इंजेक्शन जोडण्यापूर्वी ते तोंड दर वेळी स्पिरिटने घासून पुसले पाहिजे. तिसरी लघवीची नळी. घोणस चावलेल्या रुग्णाचे मूत्रपिंड बिघडले तर लघवी मोजण्यासाठी ती अवश्य लागते. पण मोजण्याची गरज संपल्यावरही ती केवळ सोय म्हणून दिवसचे दिवस राहते, तिची पिशवी जमिनीला टेकते किंवा रुग्णाला हलवताना पोटावर ठेवली जाते. या सर्व गोष्टी परिचर्येच्या पहिल्या वर्षात शिकवल्या जातात. त्यांत गूढ असे काहीच नाही, आणि महागडे तर त्याहून नाही.

आणि या सर्वांच्या मुळाशी हात. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने पाहिले, की ज्या प्रसूतिकक्षात डॉक्टर आणि विद्यार्थी काम करीत तेथे बाळंतिणी सुइणींच्या कक्षापेक्षा कितीतरी अधिक संख्येने मरत. शवविच्छेदन करून आलेले हात तसेच बाळंतिणीला लागत होते. क्लोरीनच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती त्याने केली, आणि एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आले. व्हिएन्नातल्या गरीब बायका डॉक्टरांच्या कक्षात जाण्यापेक्षा सुइणींकडे पाठवा म्हणून विनवण्या करीत. विद्वानांना जे मान्य व्हायला पुढे कित्येक वर्षे लागली, ते त्या निरक्षर बायकांना आधीच उमगले होते. सेमेलवाइसची नोकरी गेली आणि १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात मेला.

ही कथा वैद्यकीय महाविद्यालयांत नेहमी सांगितली जाते. पण तिच्यातून काढला जाणारा बोध अपुरा असतो. हात धुवा असा फलक लावला, सिस्टरांचे एक दिवसाचे शिबिर घेतले, नळाशेजारी चित्र चिकटवले की कर्तव्य संपले, असे समजले जाते. येथे थोडे गणित करून पाहावे. एका परिचारिकेकडे व्हेंटिलेटरवरचे चार रुग्ण आहेत. प्रत्येकाला तासाभरात दहा वेळा हात लावण्याचा प्रसंग येतो असे धरा. स्राव ओढणे, कूस बदलणे, औषध देणे, पिशवी रिकामी करणे हे सारे मोजले तर हा आकडा फुगवलेला नाही. दर वेळी अल्कोहोलचे द्रावण नीट चोळायला अर्धे मिनिट लागते. म्हणजे तासातली २० मिनिटे केवळ हात चोळण्यात जातील. उरलेल्या ४० मिनिटांत चार मरणासन्न माणसांची शुश्रूषा, नोंदी, नातेवाइकांची उत्तरे आणि औषधांची मोजदाद. हे होऊ शकत नाही. मग ती काय करते? जे कोणाला दिसत नाही ते गाळते. इंजेक्शन चुकले तर लगेच दिसते; हात चोळला नाही तर पाच दिवसांनी ताप येतो, आणि तो कोणाच्या हातून आला हे कधीच कळत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीला एका रुग्णामागे एक परिचारिका असा आहे. तो का आहे, याचे उत्तर वरच्या गणितात मिळते. स्वच्छता ही सवयीची बाब आहे खरी, पण त्याआधी ती श्रमाच्या वेळेची बाब आहे, आणि श्रमाचा वेळ वेतनाने विकत घ्यावा लागतो. जो खर्च वाचवण्यासाठी परिचारिका कमी ठेवतो, तो कोणाच्या तरी श्वासनळीतून तो खर्च वाचवत असतो. या बाबतीत सरकारी आणि खाजगी असा भेद करून समाधान मानण्याचे कारण नाही. सरकार जागा रिकाम्या ठेवते आणि कंत्राटी भरतीवर भागवते. खाजगी मालक पश्चिमेच्या डोंगरी गावांतून आलेल्या, अर्धवट प्रशिक्षण झालेल्या मुलींना पांढरा झगा देतो आणि सिस्टर म्हणतो.

द्रावणाची टंचाई आहे म्हणावे तर तेही खरे नाही. विघ्नहर आणि भीमाशंकर असे दोन सहकारी साखर कारखाने ज्या मुलखात आहेत, तेथे अल्कोहोल दुर्मिळ म्हणता येणार नाही. २०२० सालच्या महामारीत राज्यातील कितीतरी साखर कारखान्यांनी सॅनिटायझर तयार करून दाखवले. पाण्याचे म्हणाल, तर माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे अशी धरणे याच दोन तालुक्यांत आहेत. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत दोन हजार वर्षांपूर्वी लोकांनी पाण्याच्या पोढी दान दिल्याच्या नोंदी आहेत. वाटसरूला स्वच्छ पाणी मिळावे ही चिंता ज्या भूमीत इतकी जुनी आहे, तेथे रुग्णालयात हात धुण्याच्या जागा किती आहेत आणि त्या खाटेपासून किती पावलांवर आहेत, हा प्रश्न कोणी विचारू नये याचे नवल वाटते.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात २००३ नंतर जे घडले ते या संदर्भात उद्‌बोधक आहे. तेथे शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी मोठ्या शिरेतील नळी घालताना पाळायच्या पाच गोष्टींची एक यादी स्वीकारली : हात धुणे, रुग्णाला डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक कापडाने झाकणे, क्लोरहेक्झिडीनने त्वचा स्वच्छ करणे, जांघेतील शीर शक्यतो टाळणे, आणि नळीची गरज संपताच ती काढणे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दीड वर्षात रक्तातील संसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटले. या यादीची फार वाखाणणी झाली. तिच्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट मात्र दुय्यम मानली गेली. डॉक्टरने यादीतील एखादी पायरी गाळली, तर त्याला तेथेच थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला देण्यात आला होता, आणि व्यवस्थापन तिच्या पाठीशी उभे राहील असे जाहीर केले होते. आता ही कल्पना नारायणगावात किंवा मंचरात आणून पाहा. महिन्याच्या कराराने राहिलेली एकवीस-बावीस वर्षांची मुलगी रुग्णालयाच्या मालकाला, जो स्वतःच डॉक्टर आहे, “सर, आपण हातमोजे बदलले नाहीत,” असे म्हणू शकेल काय? नोकरीची शाश्वती नसलेल्या माणसाकडून धैर्याची अपेक्षा करणे हा एक प्रकारचा क्रूर विनोद आहे.

सफाई कामगारांचा प्रश्न याहून विदारक. ॲसिनेटोबॅक्टर नावाचा जंतू खाटेच्या दांड्यावर, यंत्राच्या बटणावर, कोरड्या पृष्ठभागावर दिवसेंदिवस, आठवडेही जिवंत राहतो. त्याला मारणारी व्यक्ती म्हणजे वॉर्डातली मावशी. तिच्या हातातले फडके एका खाटेवरून दुसरीकडे जाते की दर खाटेला बदलते, तिला द्रावणाचे प्रमाण कोणी समजावून सांगितले आहे काय, यावर एखाद्या विशेषज्ञाच्या शहाणपणाइतकेच प्राण अवलंबून असतात. इंग्लंडमध्ये १९८३ पासून रुग्णालयांच्या सफाईची कामे निविदा काढून बाहेरच्या कंपन्यांना देण्याचे धोरण आले. २०१७ साली तेथील १२६ रुग्णालय संस्थांच्या अभ्यासात असे आढळले, की ज्यांनी सफाई बाहेर दिली त्यांच्याकडे एमआरएसए या चिवट जंतूचा प्रादुर्भाव अधिक होता. त्याच इंग्लंडची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००१ पासून तेथे या जंतूमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गांची नोंद देणे रुग्णालयांना सक्तीचे झाले, आकडे रुग्णालयवार लोकांपुढे आले, २००४ साली प्रमाण निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठरले, आणि २००८ पर्यंत ते गाठले गेले. सार्वजनिक आरोग्यसेवेला जाब विचारता येतो आणि ती सुधारते, याचे हे उदाहरण आहे.

येथे मात्र आकडा कोठेच टांगलेला दिसत नाही. आग लागली तर चौकशी होते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयात दहा नवजात अर्भके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला शेजारच्या जिल्ह्यात, तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात, अतिदक्षता विभागाच्या आगीने अकरा रुग्ण मरण पावले. साऱ्या राज्याने हळहळ व्यक्त केली, समित्या नेमल्या गेल्या, अग्निसुरक्षेची तपासणी झाली. ते योग्यच झाले. संसर्ग धूर सोडत नाही. तो एका वेळी एकाला, वेगवेगळ्या गावांच्या माणसांना नेतो, आणि मृत्यूच्या दाखल्यावर विषबाधा, सर्पदंश किंवा अपघात हेच कारण राहते.

संसर्ग झाल्यानंतर जे होते त्याचा आर्थिक अर्थ येथे वेगळा समजावण्याची गरज नाही. कांद्याची पट्टी आणि औषधाचे बिल दोन्ही हातात घेऊन बसलेली माणसे प्रत्येकाने पाहिली आहेत. वैद्यकीय अर्थ असा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद २०१३ पासून मोठ्या रुग्णालयांतील जंतूंचा औषधप्रतिकार मोजत आहे. तिच्या अलीकडच्या अहवालांत ॲसिनेटोबॅक्टरच्या दहापैकी जवळजवळ नऊ नमुन्यांवर मेरोपेनेमसारखे जबर औषधही निष्प्रभ ठरलेले दिसते. क्लेब्सिएला या दुसऱ्या जंतूची स्थिती फारशी बरी नाही. मग उरते कोलिस्टिन, मूत्रपिंडाला अपाय करणारे जुने औषध, जे आता अखेरचे शस्त्र झाले आहे. हेच कोलिस्टिन कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून देशभर कुक्कुटखाद्यातून दिले जात होते. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. बंदी कागदावर न राहता पाळली जाते काय, हे पाहण्याचे काम पोल्ट्रीच्या शेडा असलेल्या प्रत्येक गावाचे आहे.

जंतू कोणता हे कळल्याशिवाय औषध निवडणे म्हणजे अंधारात दगड मारणे. नमुन्याचे कल्चर करावे लागते आणि त्याला दोन-तीन दिवस लागतात. नमुना पुण्याला पाठवायचा असेल तर त्यात प्रवासाची भर पडते. तोपर्यंत सर्वांत महागडे, सर्वांत व्यापक औषध सुरू होते आणि अहवाल आल्यावरही बहुधा तसेच चालू राहते, कारण बदलण्याचे धाडस कोणी करीत नाही. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात पूर्ण वेळ सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ आणि सुसज्ज प्रयोगशाळा असावी, तिचा लाभ दोन्ही तालुक्यांतील सरकारी आणि खाजगी अशा सर्व रुग्णांना मिळावा, ही मागणी एखाद्या नव्या इमारतीच्या कोनशिलेपेक्षा अधिक प्राण वाचवील. पण कोनशिलेवर नाव कोरता येते.

नातेवाइकांविषयी दोन शब्द. त्यांना दोष देण्याची फॅशन आहे. उशाशी ठेवलेला अंगारा आणि दर्शनाला लोटलेली गर्दी यांच्यावर संसर्गाचे खापर फोडले जाते. गर्दी नको हे खरे. पण अंगाऱ्याच्या पुडीपेक्षा एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाणारा डॉक्टरांचा मोबाइल अधिक घातक असू शकतो. परिचारिका कमी असल्याने पुसणे, भरवणे, कूस बदलणे ही कामे पुष्कळ ठिकाणी आईच करते. तिला बाहेर हाकलून देण्यापेक्षा हात कसे चोळायचे ते दाखवणे शहाणपणाचे आहे. आणि तिने रोज एक प्रश्न विचारावा : लघवीची नळी, मानेतली नळी आज कितवा दिवस आहे, आणि ती अजून लागते काय? अहुप्याहून घोडेगावला घाट उतरून आलेल्या महादेव कोळी बाईला तो विचारता यावा, विचारल्यावर तिच्यावर कोणी खेकसू नये, यासाठी कार्यकर्त्याने पहिले काही दिवस तिच्याबरोबर उभे राहिले पाहिजे.

शेवटची बाब रुग्ण पुढे पाठवण्याची. येथे पैसा संपला किंवा उपाय संपले, की रुग्ण रुग्णवाहिकेतून पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात किंवा ससूनला जातो. त्याच्याबरोबर त्याच्या नळ्या जातात आणि नळ्यांबरोबर जंतूही जातात. सोबतच्या चिठ्ठीत निदान असते, रक्तदाब असतो. नळ्या कोणत्या दिवशी घातल्या, कल्चर केले काय, त्यात काय आले, कोणती प्रतिजैविके किती दिवस दिली, हे पुष्कळदा नसते. तेथील डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात, आणि शेजारच्या खाटेला त्या जंतूपासून वेगळे ठेवावे हे त्यांना कळेपर्यंत दोन दिवस गेलेले असतात. छापील चिठ्ठीत चार रकाने वाढवायला अनुदान लागत नाही, शासननिर्णयही लागत नाही. तो नमुना दोन्ही तालुक्यांतील सर्व रुग्णालयांसाठी एकच असावा, एवढी मागणी घेऊन जुन्नर आणि घोडेगाव येथील तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची भेट याच महिन्यात घेता येईल.